तिसऱ्या दिवशी फिटलेलं सुतक

"तुझं फिटलं गं," आत्या म्हणाली. "डोक्यावरून पाणी घे आन् मोकळी हो."

बाबा जाऊन तिसरा दिवस होता. भाऊ आणि भावकीतली माणसं राख सावडून दुधना नदीवरून नुकतीच आली होती आणि अंगणात एकेक करून पाय धूत होती. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. आत्या कशाबद्दल बोलतेय ते मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ती सुतकाबद्दल बोलत होती. घरच्या माणसांना सुतक दहा दिवस. लग्न करून दिलेल्या लेकीला बापाचं सुतक तीनच दिवस, मग ती मोकळी. बाबांची बहीण म्हणून आत्यालाही तीनच. तिनं सकाळीच डोक्यावरून पाणी घेतलं होतं.

"आपण दोघी मोकळ्या झालो की चूल तरी पेटवता येईल," ती म्हणाली. "किती दिवस शेजारणीनं भाकरी आणायच्या?"

"मी घरचीच हाय की, आत्या."

"घरची कशी? लगीन झालंय ना तुझं?"

आता हे काय मी तिला सांगायचं? लग्न झालं आणि मोडलं. चौदा वर्षं झाली. कोर्टाच्या तारखेला आत्या स्वतः अंकुशनगरहून डबा घेऊन आली होती, बाकावर बसून आम्ही मेथीची भाजी खाल्ली होती. तेव्हापासून मी परतुरात, बाबांच्या घरात. आई गेल्यावर रेशन कार्डावर दोनच नावं, त्यांचं आणि माझं. त्यांच्या बीपीच्या गोळ्या मी आणायची, माझ्या शाळेच्या डब्याला कांदा ते चिरून ठेवायचे. भाऊ चाकणला कंपनीत आहे. दिवाळीला चार दिवस येतो, गाडी पुसतो आणि जातो. वाईट नाही तो, उलट फार चांगला आहे. पण त्याला दहा दिवस. त्याच्या बायकोला दहा दिवस, त्याच्या आठ वर्षांच्या पोरीला दहा दिवस. मला तीन.

"कोर्टानं सोडवलं ना मला," मी म्हटलं.

"कोर्टाच्या कागदानं दिलेली लेक माघारी येती व्हय? दिली ती दिली."

एरवी अशा बोलण्यावर मी घर डोक्यावर घेतलं असतं. माझं तोंड कसं आहे ते आमच्या गल्लीला माहीत आहे, शाळेच्या हेडमास्तरांना तर फारच चांगलं माहीत आहे. पण राग आला नाही. काहीच आलं नाही. बाबा गेल्यापासून मला काही होतच नव्हतं. बायका येऊन गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांच्या खांद्यावरून समोरचं कॅलेंडर बघत बसायची. एक जणी जाताना दारात दुसरीला म्हणाली, "लेक रडली न्हाई बरं का." मी ऐकलं. खरंच आहे, म्हटलं.

तेवढ्यात भाऊ ओल्या पायांनी आत आला. डोक्याचा गोटा केल्यामुळे तो दहावीतला दिसत होता. त्यानं आमचं ऐकलं असावं.

"ताई, मंग बरंच झालं की. रविवारी तुझी ब्लॅक बेल्टची परीक्षा हाय ना? सुतक फिटलं तर बिनघोर जाशील. बाबांनापण तेच पाह्यजे होतं."

त्यानं हे मायेनं म्हटलं, हाच तर सगळा घोटाळा. मी परीक्षेला जायचं म्हणजे माझं सुतक तिसऱ्या दिवशी फिटलं हे मान्य करायचं. आणि ते मान्य करायचं म्हणजे मी या घरची पाहुणी, हेही मान्य करायचं. न जावं तर अजून एक वर्ष. परीक्षक वर्षातून एकदाच बाहेरगावाहून जालन्याला येतात, आणि माझ्या उजव्या गुडघ्याबद्दल डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "हे वर्ष काढा मॅडम, पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही."

आता त्रेचाळीस वर्षांच्या मराठीच्या बाईला ब्लॅक बेल्ट कशाला हवा, हे सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, हिचं काहीतरी भलतंच.

सात वर्षांपूर्वी आमच्या मुलींच्या शाळेत वरून आदेश आला की पोरींना तीन महिने कराटे शिकवायचं. शिकवायला जालन्याहून एक सर यायचे, मोटारसायकलवर, आठवड्यातून दोनदा. सर पुरुष, म्हणून एक बाई हजर पाहिजे. ती बाई मी. हजर म्हणजे लिंबाखाली खुर्ची टाकून वह्या तपासायच्या. एक दिवस सातवीतली एक पोरगी सारखी चुकीच्या पायावर वळत होती. माझ्यानं राहवलं नाही. "अगं डावा, डावा पाय, गधडे!" म्हणून मी खुर्चीतून ओरडले. सर हसले. म्हणाले, "मॅडम, या ना. आप करके दिखाओ."

मी गेले. पदर खोचला, वळले आणि सपशेल आपटले. साठ पोरी फिदीफिदी हसल्या. झालं. दुसऱ्या खेपेला मी पंजाबी ड्रेस घालून आले. तीन महिने संपले, सरकारचं शिकवणं संपलं, पोरी पांगल्या, मी काही थांबले नाही. सर परतुरात एका रिकाम्या सरकीच्या गोदामात संध्याकाळचा क्लास घेत, तिथं जाऊ लागले. पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेत मी एकटी बाई, बाकी सगळी दुधाचे दात पडलेली पोरं.

बाबा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. तीस वर्षं परतूर डेपोची गाडी चालवली. कराटेचं कळलं तेव्हा म्हणाले, "लाथा मारायला लई उशिरा शिकून राह्यलीस बाई." म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते कसं लागलं कोण जाणे, चपला घालून बाहेर निघून गेले. आले ते जिलबी घेऊन. त्यावर आम्ही पुढं कधी बोललो नाही.

पण मी सरावाला स्लॅबवर गेले की मागून प्लास्टिकची खुर्ची घेऊन यायचे. कराटेतलं त्यांना काही कळत नव्हतं, गाडीतलं सगळं कळत होतं. "वळण लई मोठं घेऊन राह्यली, खड्ड्यात जाशील." "मागलं चाक घसरलं बघ." मागलं चाक म्हणजे माझा मागचा पाय. आणि ते खोटं नसायचं, सरसुद्धा तेच सांगायचे. सुरुवात मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय करायची नाही. मी उभी राहायची, ते खुर्चीत सावरून बसायचे आणि कंडक्टरसारखं म्हणायचे, "डबल बेल!" मग मी निघायची. पिवळा पट्टा मिळाला, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. प्रत्येक पट्टा ते चिमटीत धरून बघायचे आणि विचारायचे, "रंग पक्का हाय का?" काळ्याला ते विचारायची गरज नाही, असं त्यांनी गेल्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं.

ते गेले त्या रविवारी सकाळी नळ आला होता. आमच्याकडे नळ सहा दिवसांनी, कधी आठ दिवसांनी येतो, त्यामुळे नळाच्या दिवशी घरात लगीनघाई असते. बाबा पाईप धरून टाकीजवळ उभे होते. मी मागं भांडी घासत होते. पाईप फरशीवर पडून पाणी वाहायला लागल्याचा आवाज आला, म्हणून मी बघायला आले. बाबा टाकीला टेकून खाली बसले होते, मान एका बाजूला. आणि मी काय केलं? मी आधी पाईप उचलून दुसऱ्या टाकीत टाकला. मग बाबांकडे वळले.

डॉक्टर म्हणाले, त्यानं काही फरक पडला नसता, जागच्या जागी गेलेत. मी कुणालाच हे पाईपचं सांगितलं नाही, भावालासुद्धा नाही. पण पाईप हातात घेतलेला आठवतो आणि बाबांचा चेहरा आठवत नाही. मला तर वाटतं माझं सगळं तिथंच गोठलं. स्वतःची शरम वाटावी इतकीही धग आत उरली नव्हती.

तर, तिसरा दिवस. मी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. आत्या एकटीच चुलीशी गेली. दिवसभर ती माझ्या कोरड्या केसांकडे बघत होती.

चौथ्या दिवशी मला एक गोष्ट आठवली. आजोबा गेले तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची होते. ऐन सणाच्या गर्दीत डेपोत ड्रायव्हर कमी, रजा मिळेना, म्हणून बाबा पाचव्या दिवशीच ड्युटीवर गेले. आई म्हणाली, "अहो, सुतकात?" बाबा म्हणाले, "गाडी चालवायला सुतक न्हाई. हात जोडायला सुतक हाय." प्रत्येक ड्रायव्हरसारखं तेही रोज गाडी काढायच्या आधी काचेपाशी लावलेल्या देवाच्या फोटोला उदबत्ती लावून हात जोडायचे. ते पाच दिवस त्यांनी जोडले नाहीत. उदबत्ती कंडक्टरनं लावली. बाबांनी नुसती चावी फिरवली आणि गाडी काढली. सुतकातल्या माणसानं देवाला नमस्कार करायचा नसतो, माणसालाही करायचा नसतो. कुणी त्याचा घेतही नाही. बाकी काम अडत नाही.

म्हणजे जाता येत होतं. फक्त नमस्कार करायचा नाही. माझे दहा दिवसही राहिले असते आणि परीक्षाही झाली असती. मला वाटलं, सुटलं कोडं. कराटेची सुरुवातच नमस्कारानं होते हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं असं नाही. पण डोकं चालायचं बंद झालं होतं, त्याला काय करणार. मी इतकाच विचार केला की बाबा गेले तसं जायचं.

रविवारी, आठव्या दिवशी, सकाळच्या रेल्वेनं जालन्याला गेले. भाऊ स्टेशनवर सोडायला आला. निघताना मी आत्याच्या पाया पडले नाही. तिनं एक पाऊल पुढं केलं होतं, ते मागं घेतलं.

परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर आदल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती, नवऱ्या मुलाच्या नावातलं एक अक्षर गळून पडलेलं. सतरंज्या गुंडाळून मधे मॅट टाकली होती. सर धावपळ करत होते. मला बघून थांबले. त्यांना भावानं फोनवर कळवलं होतं. "मॅडम, आल्या तुम्ही," एवढंच म्हणाले. आणि छातीवर हात ठेवला.

सुरुवातीला सगळ्यांनी रांगेत उभं राहून परीक्षकांना वाकून नमस्कार केला. मी मागच्या रांगेत होते, ताठ उभी राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग हातांचे आणि पायांचे प्रकार झाले, ते निभावले. मग फाइट. समोर मंठ्याची एकोणीस वर्षांची पोरगी आली. ती वाकली, मी नाही वाकले. तिनं माझ्याकडे असं बघितलं की ही कोण मोठी लागून गेली! आणि मग पोटात अशी लाथ घातली की विचारता सोय नाही. मला दुखलं ते कळलं, पण दुसऱ्या कुणाला दुखतंय असं कळलं. मीही तिला दोन लावल्या. तेही निभावलं.

शेवटी काता. काता म्हणजे समोर कुणी नसताना एकट्यानं करायची ठरलेली लढाई, चाळीसेक हालचालींची. सुरुवातीला कमरेतून वाकून नमस्कार, कात्याचं नाव मोठ्यानं सांगायचं, मग काता, शेवटी परत नमस्कार. मॅटवर मी एकटी. समोर टेबलामागे परीक्षक, पिकल्या मिश्यांचे, सत्तरीला आलेले. मी उभी राहिले. डबल बेलची वाट बघितली. ती येणार नव्हती हे लक्षात आलं तेव्हा मी नाव सांगितलं आणि पहिली मूठ उचलली.

"थांबा," परीक्षक म्हणाले. "नमस्कार?"

मी मूठ खाली घेतली.

"बाई, नमस्कार विसरलात."

"विसरले न्हाई. सुतक हाय."

कोपऱ्यातलं एक पोरगं खुदकन हसलं आणि त्याच्या आईनं त्याला गप्प केलं.

"नमस्कार नाही तर काता नाही," परीक्षक म्हणाले. रागानं नाही, नियम सांगतात तसं. "वाका, नाहीतर मॅट सोडा."

मी वाकले नाही. मॅटही सोडली नाही. खरं सांगते, बाणेदारपणा वगैरे काही नव्हता त्यात. मला कुठलंच हलणं सुचत नव्हतं. सर लगबगीनं मॅटवर आले, माझ्या बाजूला उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवस राहते ना? मंग तुमचं तर झालं. जल्दी करून टाका, कोण विचारतंय."

म्हणजे यांनाही माहीत होतं. सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं की मला तीन दिवस.

"आमच्या मुसलमानांत तर सगळ्यालाच तीन दिवस," सर समजावत होते. "पोरगा असो, पोरगी असो, घरात असो, सासरी असो. तीन दिवस सोग, म्हणजे दुखवटा, बस."

"सगळ्यांना तीन असते तर मी पण तीनच पाळले असते, सर," मी म्हटलं.

सात वर्षं त्यांनी मला शिकवलं, माझं लग्न मोडल्याचं त्यांना माहीत होतं, पण त्यावरून कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मग ते टेबलापाशी गेले. वाकून परीक्षकांशी बरंच बोलले. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दहावा कधी आहे?" त्यांनी मला विचारलं.

"परवा. मंगळवारी."

"करा काता. नमस्कार राहिलाय असं मी लिहितो. तो झाल्याचं तुमच्या सरांनी डोळ्यांनी बघायचं आणि मला कळवायचं. तोवर निकाल नाही आणि पट्टाही नाही."

मी काता केला. कसा केला ते मला सांगता येणार नाही. पाय आपापले जात होते, हात आपापले. शेवटच्या वळणाला मागलं चाक घसरलं नाही, एवढं मात्र मला कळलं. संपल्यावरही मी ताठच उभी होते. बाकीच्या चौघांना पट्टे बांधले, फोटो काढले. माझा पट्टा प्लास्टिकच्या पिशवीतून सरांच्या बॅगेत गेला.

संध्याकाळी घरी आले. आत्या ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाली, "नापास झालीस?"

"न्हाई. अडवलं. नमस्कार केला न्हाई म्हणून."

"का न्हाई केला?"

"सुतकात करत न्हाईत."

आत्याचा हात सुपात थांबला. "तुझं फिटलं व्हतं ना गं."

"तुम्ही फेडलं व्हतं. मी न्हाई फेडलं."

म्हटलं आता ही भडकणार. आत्याचं आणि माझं तोंड एकाच घराण्याचं. पण ती सुपातले खडे वेचत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माझा बाप गेल्ता तवा तिसऱ्या दिशी पाणी घालून मला बैलगाडीत बसवलं. ऊस तोडणीचे दिस व्हते. सासऱ्यानं सांगावा धाडला व्हता, फिटलं असंल तर लावून द्या. चौथ्या दिशी मी फडात व्हते." तिनं एक खडा अंगणात फेकला. "मला राहायचं व्हतं. पण कुणी इचारलंच न्हाई, आन् मी बी बोलले न्हाई."

मी पुढं सरकले. तिच्यासमोर बसले आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूनं खडे वेचू लागले. तिनं सूप पटकन मागं ओढलं. "तू नको. शिवाशिव व्हईल," म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं मला सुतकातलं माणूस धरलं, हे तिच्या लक्षात आलं का नाही, मला माहीत नाही. माझ्याही लक्षात ते नंतर आलं.

मंगळवारी दहावा झाला. पुरुष नदीवर गेले. कावळा म्हणे पान ठेवल्या ठेवल्या शिवला, आग्रह करावा लागला नाही, कुणाला काही कबूल करावं लागलं नाही. बाबांच्या डेपोतले एक जुने कंडक्टर आले होते, ते परत आल्यावर अंगणात सांगत होते, "ड्रायव्हर माणूस, टायमावर निघाला." लोक हसले. मीही हसले असेन.

सरही आले होते. जालन्याहून मोटारसायकलवर, टोपी घालून. नदीवरून आलेल्या माणसांबरोबर ओट्यावर बसले होते, मांडीवर बॅग.

घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन टाकली होती, फरश्या पुसल्या होत्या. मागच्या दारी चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं ठेवलेलं. घरच्या बायकांनी आता डोक्यावरून पाणी घ्यायचं, म्हणजे सुतक संपलं. आत्या तांब्या घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी होती. आधी भावजयीला घातलं. मग आत्यानं हाक मारली, "लेकीला पाठवा."

मी भावाच्या पोरीला शोधायला वळले. ती समोरच्या ओट्यावर सागरगोटे खेळत होती. "चल गं, आजी बोलवून राह्यली," मी म्हटलं.

"तिला न्हाई," आत्या मागून म्हणाली. "तुला. घरची लेक म्हटलं मी."

मी न्हाणीत जाऊन पाटावर बसले. आत्यानं बादलीतून तांब्या भरला आणि माझ्या डोक्यावर घातला. दुसरा घातला. तिसरा घातला. दहा दिवस कोरडे केस, त्यांत पाणी शिरायलाच वेळ लागला. पाणी गरम होतं. कानामागून उतरून ते पाठीवर गेलं, आणि मला ते पाईपचं पाणी आठवलं, फरशीवर पसरलेलं, आणि त्यात बाबांचा पाय. चप्पल निघालेला. मी इतके दिवस चेहरा शोधत होते, मला पाय आठवला.

साडी नेसून, ओले केस तसेच घेऊन मी अंगणात आले. आत्या तुळशीजवळ उभी होती. आता मला नमस्कार करता येत होता. पहिला कुणाला, हे मी ठरवलं नव्हतं. मी तिच्यासमोर गेले आणि वाकले.

वाकले ती उठताच येईना. मला रडू फुटलं. हुंदका वगैरे नाही, गल्लीला ऐकू जाईल असं मोठ्यानं, तोंड वेडंवाकडं करून. "मी आधी पाईप उचलला आत्या," एवढंच मला बोलता येत होतं, "आधी पाईप उचलला." भाऊ धावत आला. आत्यानं त्याला हातानंच थांबवलं. मागं ओट्यावर सर उठून उभे राहिले होते. त्यांनी बॅगेतून पट्ट्याची पिशवी काढली आणि बाबांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवली. "झाला मॅडम," ते म्हणाले. "नमस्कार बराबर झाला. मी बघितला."

"आता फिटलं गं तुझं," आत्या म्हणाली.

माझ्या केसांचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं. तिनं पाय मागं घेतले नाहीत.